तिच्या बाजूने सरळ

बाबांच्या टेबलावर रोज सकाळी काचेचा एक पेला काठोकाठ भरून ठेवलेला असे, आणि ते पाणी प्यायचं नाही, हे त्या घरातलं मूल चालायच्या आधी शिके. ते पाणी परीक्षेचं होतं. बाबा माश्या बांधायचे. गळाच्या इवल्याशा आकड्यावर दोरा, लव आणि कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळून अशी माशी, की ट्राउटसारख्या संशयी माशानेही तिला खरी समजून पाण्याबाहेर उसळी घ्यावी. नदीवर जाणारे लोक तिला कोरडी माशी म्हणत, कारण ती बुडत नाही. पिसांच्या टोकांवर उभी राहून प्रवाहाबरोबर येते, जणू आत्ताच पंख वाळवायला टेकलीय.

बांधून झालेली माशी बाबा कपाळाच्या उंचीवरून पेल्यात सोडत. तीनदा. तिन्ही वेळा ती पायांवर उभी राहिली पाहिजे. एकदा जरी कलंडली की ब्लेड निघे, दोरा कापला जाई, पीस केरात, आणि आकडा पुसून परत डबीत. त्यात नात्यागोत्याची भीड नव्हती. आई म्हणायची, चाळीस वर्षं या माणसाने माश्या बांधल्या, पण घरात शिरलेली एक माशी हाकलायची म्हटली तर मलाच पदर खोचावा लागतो.

त्यांच्या मुलीला सगळे डावी म्हणत. ती डाव्या हाताने जेवायची, डाव्या हाताने लिहायची, आणि नाव असं काही चिकटलं की नवराही त्याच नावाने हाक मारायला लागला. लग्नानंतर ती फार लांब गेली नव्हती. त्याच घराच्या वरच्या मजल्यावर तिचं बिऱ्हाड होतं. नऊ महिन्यांची मुलगी होती, जिला ठमाबाई म्हणत. नवरा दुपारपाळीला गेला की डावी ठमाबाईला काखेत मारून खाली बाबांच्या खोलीत यायची. पिसांच्या कपाटाला डांबरगोळ्यांचा वास होता, त्या वासात ठमाबाईला कशी कोण जाणे, बिनबोभाट झोप लागायची. कपाटाखाली दुपटं अंथरलं की दीड तास निश्चिंत.

तो दीड तास डावी बाबांच्या समोरच्या स्टुलावर बसायची. लहानपणापासूनची तिची जागा तीच. टेबल खिडकीला लावलेलं, बाबा उजेडाकडे तोंड करून बसलेले, आणि त्यांच्या समोर, खिडकीला पाठ टेकून, ही. मधोमध टेबलाच्या कडेला आवळलेला पितळी शिकंजा, त्याच्या चोचीत आकडा. इतकी वर्षं तिने बाबांचे हात असे समोरून पाहिले होते, की त्यांच्या उजव्या हाताची प्रत्येक हालचाल तिच्या डाव्या हाताला पाठ झाली होती.

आठ वर्षांची असताना एकदा तिने बाबांचं दोऱ्याचं बॉबिन हातात घेतलं होतं. बाबांनी ते हळूच काढून घेतलं आणि म्हणाले, "हे डाव्या हाताचं काम नाही गं." रागावले नव्हते. पण त्या एका वाक्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही, आणि त्यांनीही विषय काढला नाही. ती फक्त बघत राहिली.

यंदा मात्र बघण्यासारखं काही वेगळंच होतं. बाबांचा हात थरथरत होता.

सुरुवातीला ते उजेडाला दोष देत होते, मग चष्म्याला, मग दोऱ्याला. आता दोष द्यायला काही उरलं नव्हतं. टेबलावर डॉक्टरीणबाईंची ॲल्युमिनियमची डबी उघडी पडली होती. या बाई शस्त्रक्रिया करायच्या, आता निवृत्त. तीस वर्षं दर मोसमाला त्यांची रिकामी डबी यायची आणि बारा करड्या माश्या घेऊन परत जायची. बाई बोलायच्या कमी. डबी उघडायच्या, भिंग लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "ठीक." त्यापुढे तीस वर्षांत एक अक्षर नाही. पण त्या एका 'ठीक'वर बाबा आठवडाभर ताठ मानेने चालत.

यंदा डबीत सात होत्या. शनिवारी बाई यायच्या होत्या, रविवारपासून नदी मासेमारीला खुली होणार होती, आणि आज मंगळवार. आईला त्यांनी सांगून टाकलं होतं की बारा झाल्या नाहीत तर डबी तशीच परत करायची, शिकंजा कोणाला तरी देऊन टाकायचा आणि खोली रिकामी करायची. अर्धवट डबी देऊन तोंड लपवण्यात त्यांना रस नव्हता. आई हे डावीला सांगताना चहा गाळत होती, आणि गाळणं कपाच्या बाहेर धरलंय हे तिच्या लक्षातच आलं नाही.

त्या दुपारी आठवी माशी अर्धी झाली होती. शेपूट झालं होतं, सशाच्या लवेचं अंग झालं होतं, आता फक्त मानेचं पीस फिरवायचं होतं. तिथेच हात अडला. पिसाची कडा चिमट्यातून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बाबांनी बॉबिन तसंच लोंबकळत सोडलं, जरा पाठ टेकतो म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

डावीने ठमाबाईकडे पाहिलं. मुठी मिटून गाढ झोपली होती. मग तिने शिकंज्याकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर तिच्या हाताला हे काम नवं नव्हतं. वरच्या मजल्यावर, कपडे वाळत घालायच्या चिमट्यात आकडा पकडून, ठमाबाईच्या झोपा मोजून मोजून ती वर्षभर माश्या बांधत होती. पावडरच्या रिकाम्या डब्यात पन्नासेक साठल्या होत्या. त्या तिने कोणाला दाखवल्या नव्हत्या. दाखवायच्या तरी कशाला, डाव्या हाताचं ते काम नव्हतंच ना.

बाबांच्या खुर्चीत बसायची तिची छाती झाली नाही. ती आपल्याच स्टुलावर बसली, आपल्याच बाजूने हात पुढे केला, आणि डाव्या हाताने दोरा उचलला. पीस फिरवलं, पाच वेढे, एकापुढे एक. गाठ मारली. बाबांची खूण म्हणून डोक्याशी लाल दोऱ्याचा एकच वेढा असे, तोही दिला. सुईच्या टोकाने वार्निशचा थेंब लावला. दिसायला अगदी बाबांची. पेल्यात सोडली, उभी राहिली. दुसऱ्यांदा सोडणार तोच ठमाबाई रडत उठली, म्हणून तिने ती माशी घाईघाईने डबीच्या आठव्या खळग्यात ठेवली. बाबांना वाटेल की आपणच संपवून आत गेलो, असं तिच्या मनात होतं. दिवसभर तिला स्वतःचंच कौतुक वाटत राहिलं.

बुधवारी सकाळी आईने वर हाक मारली. बाबा बोलावतायत म्हणाली, आणि वर जोडलं की चेहरा बघून ये, मग काय बोलायचं ते ठरव.

बाबा टेबलाशी बसले होते. पेल्यात ती माशी आडवी पडली होती, एक कूस पाण्यात, पीस पिंजारलेलं. अंगावरचा दोरा सैल होऊन लव सुटत चालली होती. लाल वेढा तेवढा जागेवर.

"मला काय वेडा समजलीस?" बाबा म्हणाले.

डावीने मान खाली घातली. तिने पुटपुटत सांगितलं की तुमचा हात दुखत होता, म्हटलं एवढी एक होऊन जाऊ दे.

बाबांनी ती माशी चिमट्याने उचलली, भिंगाखाली धरली आणि तिला बघायला लावलं. ही का सुटली, ते विचारलं. डावीला सांगता येईना. गाठ घट्ट होती, दोरा ताणून धरला होता, तिच्या पन्नास माश्यांपैकी एकही अशी सुटली नव्हती. मग बाबांनी हात लांब करून शेल्फावरून वार्निशची बाटली घेतली. झाकण उजवीकडे फिरवून घट्ट केलं आणि बाटली तिच्यापुढे धरली. आता तू फिरव म्हणाले, तुझ्या हाताला जसं येतं तसं. डावीने डाव्या हाताने फिरवलं. झाकण निघून हातात आलं.

तेव्हा तिला कळलं. बाबांनी अर्धं अंग आपल्या बाजूने गुंडाळलं होतं, आणि हिने समोरून दोरा उचलून नेमका उलट फिरवला होता. हिचा पहिला वेढा बाबांचा शेवटचा वेढा सोडवत होता. वरच्या मजल्यावर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीच बांधायची, म्हणून हे कधी घडलंच नव्हतं.

"अर्धी माझी, अर्धी तुझी असली माशी नसते," बाबा म्हणाले. "बांधायची तर पहिल्यापासून बांध. तुझ्या बाजूने."

डावीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. ती तशीच उभी राहिली. मग बाबांनी, तिच्याकडे न बघता, पिसांची पाकिटं सारखी करत विचारलं की वर्षभर त्यांच्या कपाटातली पिसं कमी होत होती ती काय कसर लागून? तिचे कान तापले. ती म्हणाली, मी दुय्यम पिसंच घेत होते, वरच्या पाकिटातली.

"वरच्या पाकिटात चांगली पिसं मी उगीच ठेवत होतो?" बाबा म्हणाले.

मग बाबा बोलले ते तुटक तुटक, मधे मधे चष्मा पुसत. ती आठ वर्षांची असताना ते बोलले होते, ते त्यांना आठवत होतं. काम डाव्या हाताचं नव्हतं असं नाही. आपल्यालाच डाव्या हाताला शिकवता आलं नसतं. सगळं उलटं करून दाखवायचं म्हणजे डोकं चालेना, आणि आपल्याला येत नाही म्हणायची लाज वाटली. ती लाज पोरीच्या हातावर ढकलली. एवढं बोलून ते उठले, स्वतः जाऊन पेल्यातलं पाणी बदलून आले आणि आपल्या खुर्चीत बसले. डावीने स्टूल पुढे ओढलं.

पहिली माशी डावी बांधत असताना बाबा नुसते बघत राहिले. आकडा चोचीत. आकड्याच्या डोळ्यामागून, म्हणजे दोरी ओवायच्या भोकामागून, दोरा सुरू करून मागे वाकापर्यंत न्यायचा, वेढ्याला वेढा लागून. शेपटाला पिसाचे चार तंतू, पाच नाही. सशाची लव दोऱ्यावर इतकी पातळ पिळायची की लावलीय की नुसता दोरा मळलाय ते कळू नये. अंग मागे बारीक, पुढे किंचित भरलेलं. बदकाच्या पिसाचे दोन पंख, उभे, एकमेकांशी न बोलणाऱ्या जावांसारखे तोंड फिरवलेले. ही उपमा आईची होती आणि बाबा ती कामाच्या भाषेसारखी वापरत. मग मानेचं पीस. डावीची जीभ दातांत यायची, लहानपणी चित्र रंगवताना यायची तशीच. पाचवा वेढा दिला आणि ती थांबली. आकड्याच्या डोळ्यामागे डोळ्याएवढीच जागा मोकळी राहायला हवी, नाहीतर नदीवर बसून माणूस दोरी ओवत बसतो आणि बांधणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरतो. जागा राहिली होती.

तिने सवयीने लाल रिळाकडे हात नेला. बाबांनी रीळ उचलून आपल्या बाजूला ठेवलं.

"लाल माझा," ते म्हणाले. "तुझा तू शोध."

ते तिला लागलं. इतकं सगळं बोलून झाल्यावर एका वेढ्यासाठी हात आखडता घ्यावा, हे तिला समजेना. म्हणजे माशी चालेल, पण खूण नाही. घरातली असूनही पाहुणी. तिने ड्रॉवर उघडला आणि तळाशी हात घातला. तिथे एक हिरवं रीळ होतं, कधीतरी चुकून आलेलं, वेष्टनही न काढलेलं. तिने ते फोडलं, हिरव्याचा एक वेढा दिला, गाठ मारली.

पेला. पहिल्यांदा उभी. दुसऱ्यांदा उभी. तिसऱ्यांदा किंचित झुकली. बाबांनी ब्लेड पुढे सरकवलं. ब्लेड तिच्याच हातात दिलं, हे त्यांचं नवीन होतं.

बुधवारी दोन कापल्या गेल्या आणि एक डबीत राहिली. गुरुवारी ठमाबाईला दात येत होते, त्यामुळे झोप अर्ध्या तासाची, आणि त्यातही आई तिला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारत होती म्हणून तो अर्धा तास मिळाला. एक राहिली. शुक्रवारी डावीचा हात असा काही चालला की बाबांनी खुर्चीतून पुढे वाकून बघायचं सोडलं आणि मागे टेकून बसले. तीन राहिल्या. एकही कापली नाही. दुपारी आईने दारातून डोकं घालून विचारलं की कारखाना जेवायला येणार आहे का, की माश्याच गिळणार. कोणी हसलं नाही, पण दोघंही एकदमच उठले.

शनिवारी दहाच्या ठोक्याला डॉक्टरीणबाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, चालण्यात जराही वेळ न घालवणाऱ्या. डावी ठमाबाईला घेऊन कपाटाशी उभी होती. तिला रात्रीपासून एकच वाटत होतं, बाबांनी काही सांगू नये. बाईंना कळलंच नाही तर बरं.

बाईंनी डबी उघडली. भिंग लावलं. सात माश्यांवरून भिंग जसं दरवर्षी जायचं तसं गेलं. आठव्यावर थांबलं. मग नववी, दहावी, परत आठवी.

"या कोणाच्या?"

"माझ्या मुलीच्या," बाबा म्हणाले. डबी पुढे करतानाच त्यांनी हे उत्तर तयार ठेवलं होतं, असं त्यांच्या आवाजावरून वाटलं.

बाईंनी एक माशी उचलून उजेडात फिरवली. आयुष्यभर टाके घातलेल्या त्या बोटांना कळायला वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, "ही उलटी गुंडाळलीय."

"उलटी नाही," बाबा म्हणाले. "तिच्या बाजूने सरळच आहे."

हे म्हणताना ते खुर्चीतून उभे राहिले होते. गिऱ्हाइकासमोर असे उभे राहिलेले डावीने त्यांना कधी पाहिले नव्हते. आणि त्याच क्षणी तिला लाल रीळ कळलं. लाल वेढा दिला असता तर या पाच माश्या डबीत मिसळून गेल्या असत्या, बाबांच्या म्हणून. बाबांना त्या तिच्या म्हणून दाखवायच्या होत्या. ठमाबाई तिचे केस ओढत होती आणि डावीला ते जाणवलंही नाही.

बाईंनी पेला जवळ ओढला आणि हिरव्या वेढ्याची माशी स्वतःच्या कपाळाच्या उंचीवरून सोडली. बाबांपेक्षा त्या वीतभर उंच होत्या. एकदा, दोनदा, तीनदा. माशी उभी राहिली ती राहिलीच. बाईंनी ती पुसली, खळग्यात ठेवली, डबी मिटली आणि निघाल्या. 'ठीक' म्हणाल्या नाहीत.

त्या दिवशी आईने बाबांना दोनदा चहा दिला, दोन्ही वेळा तो तसाच गार झाला. डावी वर गेली, खाली आली, परत वर गेली. आपल्या पाच माश्यांनी बाबांचा तीस वर्षांचा शब्द खाल्ला, असं तिला वाटायला लागलं होतं.

रविवारी दुपारी दाराबाहेर ओल्या बुटांचा आवाज आला. बाईच होत्या, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या, नाकाचा शेंडा उन्हाने लाल. बसायला सांगितलं तर पाणी निथळतंय म्हणून बसल्या नाहीत. खिशातून रुमाल काढून त्यांनी टेबलावर उलगडला. त्यात एक माशी होती. ओळखू येऊ नये इतकी चावलेली. पिसाच्या अर्ध्या काड्या गळालेल्या, एक पंख गायब, लव विस्कटलेली. डोक्याशी हिरवा वेढा जसाच्या तसा.

"पाच मासे," बाई म्हणाल्या. "पाचही हिच्यावर. सुटली नाही."

मग त्या बाबांकडे न बघता डावीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ठीक."

जाता जाता दारातून त्यांनी एवढं सांगितलं की लाल सात त्यांनी काचेच्या बरणीत ठेवल्यात, त्या आता पाण्यात जाणार नाहीत, आणि पुढच्या मोसमाला बारा लागतील, हिरव्या.

बाबा बराच वेळ ती चावलेली माशी भिंगाखाली धरून बसले. हात थरथरत होता, भिंगही थरथरत होतं, पण आज त्यांनी कशालाच दोष दिला नाही. शेवटी त्यांनी ती खिडकीच्या चौकटीत खोचली, अगदी मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. संध्याकाळपर्यंत दूधवाल्याला, समोरच्या शिंप्याला आणि पत्ता विचारायला आलेल्या एका अनोळखी माणसाला ती दाखवून झाली होती. प्रत्येकाला ते म्हणत होते, पाच मासे, सुटली नाही. आई म्हणाली, आता माशीच्या बारशाला बोलावतील.

सोमवारी डावी खाली आली तेव्हा बाबा टेबलाखाली वाकले होते. तिला वाटलं काही पडलं. तर ते म्हणाले, तिकडे बसून तुझी सावली तुझ्याच हातावर पडते, हे मला आठ दिवस दिसतंय. उजेड तुझ्यासमोर हवा. टेबल फिरवायचं.

आई दारात येऊन उभी राहिली. ती म्हणाली, मी चाळीस वर्षं सांगतेय, टेबल जरा हलवा, खालचा केर काढायचाय, तेव्हा हे टेबल जमिनीतून उगवलेलं होतं. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शिकंजा आधीच काढून ठेवला होता. त्यांनी आपली बाजू धरली.

"धर तिकडून," ते डावीला म्हणाले. "डाव्या हाताने धरलंस तरी चालेल."

टेबल उचललं गेलं. जमिनीत चार पायांचे चार खोलगट ठसे निघाले, आणि ठमाबाई रांगत येऊन त्यातल्या एकात बोट घालून बसली. टेबल फिरलं, खुर्ची फिरली. बाबांनी शिकंजा नव्या कडेला आवळला, हात थरथरत असल्यामुळे त्याला वेळ लागला, आणि डावीने मदत केली नाही. आवळून झाल्यावर त्यांनी तिला खुर्चीत बसवलं. मग समोरचं स्टूल पुढे ओढून, ठमाबाईला मांडीवर घेऊन, ते स्वतः खिडकीला पाठ लावून बसले.